नाकासमोर सिंगापूर

भूगोलाच्या शिक्षकाने परदेशी जाऊ नये. इतिहासवाल्याला ही भीती नसते; १७६१ साली जाऊन कुणी खातरजमा करून येत नाही. गणितवाल्याचं तर जगाशी काही देणंघेणंच नसतं. पण भूगोलवाल्याची सगळी पत वर्गातल्या त्या फिरत्या पृथ्वीगोलावर आणि 'पोरं कुठे जाऊन बघणार आहेत' या भरवशावर उभी असते. मी नवी मुंबईतल्या पावणे गावात बसून प्रेअरीतल्या गवताची उंची हाताने दाखवली आहे. टुंड्रातल्या थंडीने बोटं कशी आखडतात ते करून दाखवलं आहे. जहाज विषुववृत्त ओलांडतं तेव्हा माणसाला काय वाटतं, हे सांगताना माझा स्वतःचाच गळा दाटून आलेला आहे. तेव्हा माझा पासपोर्टसुद्धा निघालेला नव्हता.

अशा माणसाला शाळेने सिंगापूरच्या शैक्षणिक सहलीचा प्रमुख नेमलं. "सर, तुम्ही सगळं बघून आल्यासारखं शिकवता," असं मुख्याध्यापिका म्हणाल्या. हे कौतुक की टोमणा, याची मी चौकशी केली नाही. कौतुक म्हणून पदरात पाडून घेतलं.

यात थोडा दोष रणजितसिंह डिसले गुरुजींचा आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या या झेडपीच्या शिक्षकाला डिसेंबर २०२० मध्ये दहा लाख डॉलरचं 'ग्लोबल टीचर प्राइझ' मिळालं आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकी नऊ जणांना वाटून टाकली. तेव्हापासून महाराष्ट्रातल्या प्रत्येक शिक्षकाच्या घरात एक अवघड प्रश्न लोंबकळतो आहे. आमच्याकडे तो भाजी निवडताना विचारला जातो : "तुमचं काय?" डिसले गुरुजींनी इंटरनेटवरून मुलांना देशोदेशी फिरवून आणलं, हे जगाने वाखाणलं. मीही मुलांना देशोदेशीच फिरवत होतो, फक्त इंटरनेट नव्हतं. ही बाजू कुणी लक्षात घेत नाही.

बातमी गावात पोचली आणि लगोलग फाट्यावर फ्लेक्स झळकला : 'सिंगापूर शैक्षणिक दौऱ्यास हार्दिक शुभेच्छा!' आमच्याकडे बारशापासून दहाव्यापर्यंत सगळ्याला फ्लेक्स लागतो. त्यातून नवी मुंबई महापालिकेची निवडणूक २०२० पासून लांबतच गेली, त्या काळात इतके 'भावी नगरसेवक' साठले की शुभेच्छांना निमित्तं पुरेनात. आमच्या फ्लेक्सवर वरच्या रांगेत पक्षाचे मोठे नेते, मध्ये हात जोडलेले भावी नगरसेवक, भोवती त्यांचे चुलतभाऊ, मेहुणे आणि समस्त मित्रपरिवार, उजव्या कोपऱ्यात सिंगापूर म्हणून क्वालालंपूरचे जुळे मनोरे, आणि अगदी खाली, छापणाऱ्याचा मोबाइल नंबर असतो त्याच्या जरासा वर, मी. फोटो पासपोर्टवरचाच, त्यामुळे चेहऱ्यावर गुन्हा कबूल केल्याचा भाव. 'मनोरे चुकलेत' हे सांगायला जातो, असं मी घरी म्हणालो. खरं तर फोटो थोडा मोठा करता येईल का, हे विचारायचं होतं. "सर, वरती जागाच नाय," असं उत्तर मिळालं. मनोऱ्यांचा विषय मी काढलाच नाही. त्यानंतर त्या फाट्यावरून जाताना मी रिक्षावाल्याला उगाचच "जरा सावकाश" सांगू लागलो.

जाणार कोण, हे ठरायला वेळ लागला नाही. पुणे जिल्हा परिषदेने २०२५ मध्ये आपल्या शाळांतली मुलं परीक्षा घेऊन नासाला पाठवायची योजना आखली. आमच्याकडे परीक्षा पालकांची होती आणि ती चेकने द्यायची होती. ट्रान्सपोर्टवाल्यांची, गोडाउन भाड्याने दिलेल्यांची, एपीएमसीत गाळा असणाऱ्यांची मुलं पहिल्या फटक्यात उत्तीर्ण झाली. ज्यांचे वडील कंपनीत ठेकेदाराकडे लागलेले आहेत, ती मुलं म्हणाली, "सर, माझं पुढच्या वर्षी." पुढच्या वर्षी ती दहावीत जाणार आणि दहावीची सहल नसते, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. मी फळ्यावर आग्नेय आशियाचा नकाशा लावला आणि मलाक्काची सामुद्रधुनी दाखवायला घेतली.

मुलींसाठी सोबत आमच्या मराठीच्या बाई होत्या. बाईंना जगाबद्दल कसलाही अहंकार नाही. सिंगापूरविषयी त्यांनी एकच शंका विचारली, "पोरांना मळमळलं तर तिथे लिंबू मिळेल ना?" आणि उत्तराची वाट न बघता पर्स भरून लिंबं घेतली.

विमानात मी रेखावृत्तं शिकवायला घेतली. पावणे साधारण ७३ अंश पूर्वेला, सिंगापूर जवळजवळ १०४ वर, एका अंशाला चार मिनिटं. म्हणजे सूर्याच्या हिशेबाने फरक दोन तासांहून किंचित जास्त. घड्याळं मात्र अडीच तासांनी पुढे करायची, कारण सिंगापूरने १९८२ पासून आपली वेळ मुद्दाम पुढे ओढून घेतली आहे. मी इतका रंगलो होतो की पलीकडच्या सीटवरचे गृहस्थ आता टिपणं काढायला लागतील असं मला वाटलं. त्यांनी डोळ्यांवरची पट्टी काढली आणि हवाईसुंदरीला बोलावलं.

पहिल्या रात्री हॉटेलात माझ्या दारावर टकटक झाली. गावठाणातला आठवीचा पोरगा, डोळे तारवटलेले.

"सर, झोप येत नाय."

"घरची आठवण येते?"

"नाय. इथे वासच येत नाय."

हे वाक्य पावण्याबाहेरच्या माणसाला कळणार नाही, म्हणून सिंगापूर थोडा वेळ बाजूला ठेवतो. लेख सहलीवर लिहायचा आहे याची मला कल्पना आहे. पण वासाचा विषय निघाला की मला आवरत नाही. आमच्या घरी येणाऱ्या पाहुण्यांना याचा अनुभव आहे.

पावण्यात घड्याळ लागत नाही. पहाटे ओहोटी असली तर खाडीच्या चिखलाचा वास येतो : ओलसर, खारट, जरासा कुजका. जुनी माणसं त्याला वास म्हणतच नाहीत, हवा म्हणतात. ऊन वर आलं की गावठाणातल्या गच्च्यांवर वाळत घातलेल्या सुकटीचा आणि बोंबलांचा वास. वाऱ्याने तुर्भ्याकडून यायचं ठरवलं की एपीएमसी. फेब्रुवारीपासून तिथे लाल मिरची उतरते, तेव्हा आमची प्रार्थना शिंकांनीच पुरी होते. पावसाळ्यात सडका कांदा येतो आणि अख्खा वर्ग डोळे पुसत बसतो. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांना भूगोल इतका करुण कसा, असा प्रश्न पडला होता. मी त्यांच्या गैरसमजाला धक्का लावला नाही. हापूसचा मोसम तेवढा मे महिन्यात, शाळेला सुट्टी असताना येतो. शिक्षणव्यवस्थेतल्या अन्यायांच्या यादीत हा कुठेच नोंदलेला नाही.

हे झाले साधे, घरगुती वास. अभिजात वास रात्री सुरू होतात. दिवसभर सज्जनपणे उभी असलेली कारखान्यांची धुराडी रात्री अकरानंतर मोकळी होतात, अशी आमच्याकडे लहानथोरांची ठाम समजूत आहे. एक वास पिकल्या केळ्याचा. एक नेलपॉलिशचा. एकाला गावात नुसतं 'दवाखाना' म्हणतात. एक कुजक्या कोबीचा आहे. तो आला की घरातली माणसं आधी एकमेकांकडे बघतात आणि मग खिडकीकडे. आणि एक असा आहे की त्याला नावच नाही. तो आला की म्हातारी माणसं "आला" एवढंच म्हणतात आणि दार लावून घेतात.

या वासांत वाढलेल्या पोरांचं नाक तयार असतं. दहावीच्या विज्ञानात एस्टरला फळांसारखा गोड वास असतो असं वाक्य आहे. इतर शाळांतली मुलं ते पाठ करतात, आमची खिडकी उघडतात. पाहुणा दारात पाऊल टाकताच नाक उडवून "कसला वास येतोय हो?" म्हणतो आणि अख्खं घर एका सुरात "कुठे काय?" म्हणतं. हे खोटं बोलणं नसतं, तो आमच्या गावाचा स्वाभिमान असतो. माझी बायको वाईची. लग्नानंतर सुरुवातीला ती नाकाला पदर लावून स्वयंपाक करायची. आता वाईला गेली की तिसऱ्या दिवशी म्हणते, "इथल्या हवेला चवच नाही."

तक्रारही करून बघितली आहे. एका कार्यालयात फोन केला की तिथून विचारतात, "वास कसला आहे?" आपण म्हणतो, "कोबीचा." तिकडून विचारतात, "कोबी शिजवलेला की कच्चा?" साहेब यंत्र घेऊन येईपर्यंत सकाळ होते आणि वास पंचनाम्याला थांबत नाही. साहेब खोल श्वास घेतात, "काही नाही" म्हणतात, चहा घेतात आणि शिंकत निघून जातात, कारण तोवर मिरचीची वेळ झालेली असते.

हे सगळं मी नेहमी असंच हसत सांगतो आणि ऐकणारेही हसतात. माझ्या वर्गात काही मुलांच्या कंपासपेटीत, कर्कटकाच्या शेजारी, दम्याचा पंप असतो. ते वाक्य मी पाहुण्यांना सांगत नाही.

तर त्या पोराला झोप येत नव्हती ती अशी. मी बाईंच्या दारावर टकटक करून एक लिंबू आणलं. ते हुंगत तो झोपला.

दुसऱ्या दिवशी माझी वेळ होती. मर्लायनच्या पुतळ्यासमोर मी घसा साफ केला. उंची ८.६ मीटर, वजन ७० टन, १५ सप्टेंबर १९७२ रोजी पंतप्रधान ली कुआन यू यांच्या हस्ते अनावरण...

"सर, तेव्हा तो इथे नव्हता. २००२ मध्ये इकडे हलवला," मागून आवाज आला. नववीतली मुलगी, हातात मोबाइल.

"आणखी काही?" मी शक्य तितक्या मोठ्या मनाने विचारलं.

"बाकी बरोबर आहे सर. तोंडातून पाणी येतं ते तर दिसतंच आहे," ती म्हणाली. बहुधा माझी लाज राखायला.

मग मी क्षेत्रफळाकडे वळलो, कारण क्षेत्रफळ कुणी हलवू शकत नाही. सिंगापूर सुमारे ७३५ चौरस किलोमीटर. सिडकोने नवी मुंबईसाठी घेतलेलं क्षेत्र ३४४. दोन नवी मुंबया शेजारी शेजारी मांडल्या की देश जवळजवळ संपतो. पोरं यावर खूश झाली. मीही झालो. तेवढ्यात ती नववीतली म्हणाली, "सर, हे लोक समुद्रात भर घालतात, दरवर्षी आकडा बदलतो." सेंटोसा आणि युनिव्हर्सल स्टुडिओ या ठिकाणांबद्दल मी काही सांगू शकत नाही. तिथे शिक्षकाचं काम बॅगा सांभाळण्याचं असल्यामुळे माझं तिथलं भौगोलिक ज्ञान एका बाकापुरतं आहे.

मेट्रोच्या स्टेशनात मात्र पोरांनी मला घेरलं. तिथे एक पाटी असते : सिगारेट ओढाल तर हजार डॉलर दंड, काही खाल्लं-प्यायलं तर पाचशे, ज्वालाग्राही पदार्थ आणाल तर पाच हजार. शेवटी डुरियन या फळावर काट, पण त्यापुढे रकमेचा आकडाच नाही. डुरियन फणसाच्या घराण्यातलं दिसतं, पण त्याचा वास एवढा जबरदस्त असतो की मेट्रोत त्याला बंदी.

"सर, दंड लिहिला नाय म्हंजे चालतो?"

"नाही. इतका वाईट आहे की किंमतच ठरवता आली नाही," मी ठोकून दिलं.

"आणि ज्वालाग्राहीला पाच हजार डॉलर?" पोरगा हिशेब करत राहिला. "मंग आपल्या ठाणे-बेलापूर रोडला जेवढे टँकर उभे असतात, तेवढ्यात शाळेला नवीन बिल्डिंग होईल."

बाईंनी हे वाक्य वहीत टिपून घेतलं. माझं एकही वाक्य त्यांनी सबंध सहलीत टिपलं नव्हतं.

मंडाईच्या पक्षी उद्यानात तिकीट काढून फ्लेमिंगो बघितले. उद्यान सुरेख आहे, २०२३ मध्ये सुरू झालं आहे, पक्षीही तब्येतीने उत्तम. पोरं कठड्याला टेकून थोडा वेळ बघत राहिली आणि मग एकाने अत्यंत सभ्यपणे विचारलं, "एवढेच?" त्याची चूक नव्हती. त्याच्या घराच्या मागे ठाणे खाडीत हे हजारांच्या थव्याने उतरतात, फुकट. २०१५ मध्ये तिथे अभयारण्य जाहीर झालं आणि २०२२ मध्ये खाडी रामसरच्या यादीत गेली. जगभरातून निवडलेली पाणथळ जागा आणि जगभरातून न आलेले वास, दोन्ही एकाच खिडकीतून येणारी आमची शाळा आहे. 'आमच्याकडे पण आहेत' हे सांगायला पोरांनी गाईडला गाठलं. गाईड तमिळ, पण जन्म सिंगापूरचा. तिला आधी ते थापा वाटल्या. मग त्या नववीतलीने फोटो दाखवला : पुढे गुलाबी थवा, मागे धुराडं. गाईड बराच वेळ त्या फोटोकडे बघत होती. "बोथ?" तिने विचारलं. "बोथ," पोरांनी अभिमानाने सांगितलं.

लिटिल इंडियात टेक्का मार्केट आहे. टूरवाल्याने आम्हाला तिथे फक्त बसमधून उतरण्यापुरतं नेलं होतं. जेवण पलीकडच्या हॉटेलात, रोजचंच, पनीर आणि पिवळी डाळ. सिंगापूरला जाऊन आलेल्या प्रत्येक मराठी माणसाला सिंगापूरचं राष्ट्रीय अन्न पनीर आहे असं वाटतं ते यामुळे. मोजणी केली तर एक पोरगा कमी. तोच, लिंबूवाला. तो बाजारात एका दुकानासमोर डोळे मिटून उभा होता. पुढे पोत्यांत वाळवलेली कोळंबी, जवळा, छोटे मासे.

"सर," तो डोळे न उघडता म्हणाला, "यो तं आपल्या खारीचा वास हाय."

दुकानदारीण चिनी आजी होती. तिने चिमूटभर जवळा त्याच्या तळहातावर ठेवला. त्याने तो चावला, विचार केला आणि तज्ज्ञाच्या सुरात म्हणाला, "मीठ कमी." आजीला कळलं नसावं, पण तिने मान हलवली. मी त्याला रागावणार होतो. न सांगता का गेलास, परक्या देशात असं करतात का, वगैरे वाक्यं तयार होती. पण माझंही नाक तोवर त्या पोत्यांकडे वळलं होतं. बाई आम्हाला शोधत आल्या तेव्हा त्यांना दोन विद्यार्थी सापडले, त्यातला एक पन्नाशीचा.

सहलीला 'शैक्षणिक' म्हणायचं तर विज्ञान केंद्र दाखवावं लागतं. सिंगापूरचं विज्ञान केंद्र जुरोंगला आहे, १९७७ पासून. जुरोंग या शब्दासाठीच मी ही सहल करत होतो, कारण हा माझा खास धडा. बसमध्ये माइक हातात घेतला आणि बघितलं तर त्या नववीतलीच्या मोबाइलची बॅटरी संपली होती. देव असतो.

मी सुरू केलं. १९६० च्या सुमारास इथे काय होतं? खारफुटी, दलदल आणि कोळंबीची तळी. अल्बर्ट विनसेमियस नावाचे डच अर्थतज्ज्ञ संयुक्त राष्ट्रांतर्फे आले, त्यांनी कारखाने काढा म्हणून सांगितलं. अर्थमंत्री गोह केंग स्वी यांनी १९६१ मध्ये दलदल बुजवायला घेतली. सुरुवातीला कारखाने येईनात, तेव्हा लोक जुरोंगला 'गोहचा मूर्खपणा' म्हणायचे. मग कारखाने आले. आणि सरकारने कामगारांसाठी काय केलं? कारखान्यांच्या वसाहतीतच १९७१ मध्ये पक्षी उद्यान काढलं! पुढे २०२३ मध्ये ते बंद करून पक्षी मंडाईला नेले, ते आपण बघितलेच. आणि आपल्याकडे एमआयडीसी कधी स्थापन झाली? १ ऑगस्ट १९६२. जुरोंग आणि आपण एका वयाचे आहोत, मुलांनो! एकाच वर्गात बसणारे!

बसमध्ये शांतता होती. मला वाटलं, पोरं भारावली. निम्मी झोपली होती. लिंबूवाला मात्र खिडकीला नाक लावून बसला होता. त्याच्या आजोबांचं शेत एमआयडीसीत गेलं. आता त्या जागी काय बनतं ते घरात कुणालाच नीट माहीत नाही, मालाच्या पिंपांवर कवटीचं चित्र असतं एवढं ठाऊक आहे. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या आंदोलनात उरणकडे गोळीबार झाला, पाच शेतकरी गेले, तेव्हा आजोबा त्या गर्दीत होते. सिडकोने घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के भूखंड द्यायची योजना त्या रक्तातून आली. त्या पोराला आजोबांच्या गोष्टी पाठ आहेत, पण पुस्तकात नाहीत म्हणून त्या अभ्यास नाहीत, असं त्याला वाटतं. तसं वाटायला माझाही हातभार आहे.

"सर, इथे कंपन्या आहेत?"

"भरपूर आहेत."

"केमिकलच्या?"

"त्याही."

"मंग हे लोक वास कुठे टाकतात?"

माझ्या सबंध नोकरीत असा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. तपासणीच्या साहेबांनी नाही, बी.एड.च्या परीक्षकांनी नाही. गाईडने समुद्राकडे हात केला. तिकडे बेट आहे, ती म्हणाली. जुरोंग बेट. मला ते माहीत होतं, म्हणजे वाचून माहीत होतं : किनाऱ्यापासून जवळची सात छोटी बेटं भर घालून एकमेकांना जोडली, १४ ऑक्टोबर २००० रोजी त्याचं रीतसर उद्घाटन झालं, तेलशुद्धीकरण आणि रसायनांचे मोठमोठे कारखाने तिकडे नेले. पासशिवाय पूल ओलांडता येत नाही. त्या बेटांवरही पूर्वी मासे मारणारी माणसं राहायची; त्यांना उठवलं. तेव्हा सिंगापूरने सगळं गोडीगुलाबीने केलं असं समजायचं कारण नाही, आणि वारा फिरला की तिकडचा वास इकडच्या नाकांनाही पोचत असणारच. पण निदान कुणीतरी नकाशा पुढ्यात घेऊन, कुठे माणसं झोपतील आणि कुठे धुराडी, याचा विचार केला होता.

"आपल्याकडे बेट नाय का, सर?"

मुंबईची गर्दी आणि मुंबईचे कारखाने खाडीपलीकडे न्यायचं ठरलं, तेव्हा खाडीपलीकडे भातशेती होती, मिठागरं होती आणि पावण्यासारखी गावं होती. मुंबईला बेट हवं होतं, ते सापडलं. आम्ही त्याच्यावर राहत होतो, एवढाच फरक. पुढे आम्ही शाळेच्या भिंतीही तिथेच बांधल्या, वर्गाच्या खिडक्या वाऱ्याच्या दिशेने काढल्या, आणि दर वर्षी त्या खिडकीपाशी उभं राहून मी मुलांना सिंगापूरची शिस्त सांगत आलो. शिस्त म्हणजे च्युइंगगम न थुंकणं. थुंकायचं नाही हे मुलांनी शिकायचं, मोठ्यांनी काय सोडायचं नाही ते कुणालाच शिकवायचं नाही. मला त्या बसमध्ये जो राग आला तो अजून पुरता उतरलेला नाही, आणि तो नक्की कुणावर हेही ठरत नाही, कारण यादीत मीही येतो.

"ते दहावीला आहे," मी त्या पोराला सांगितलं आणि माइक गाईडला दिला.

दहावीला ते नाही.

परत आल्यावर शाळेत सत्कार झाला, शाल मिळाली, 'आंतरराष्ट्रीय अनुभव असलेले' असं माझ्याबद्दल बोललं गेलं. मी मान खाली घालून ते नीट ऐकलं. त्यानंतर महिनाभर मी प्रत्येक वर्गात सिंगापूर सांगितलं. जे आले नव्हते त्यांच्यासाठीच सांगत होतो, निदान मी स्वतःला तसं पटवलं होतं. सांगता सांगता गोष्ट सुधारत गेली. मर्लायनपुढे माझं व्याख्यान ऐकायला परदेशी पर्यटक थांबू लागले. गाईड मला शंका विचारू लागली. जुरोंगच्या बसमध्ये तर प्रसंग असा घडू लागला की मीच बाणेदारपणे उभा राहून सिंगापूरच्या एका अधिकाऱ्याला विचारलं, "तुम्ही वास कुठे टाकता?" आणि अधिकारी निरुत्तर झाला. आठवीच्या वर्गात हे सांगताना लिंबूवाल्याने हात वर केला होता. "प्रश्न नंतर," मी म्हणालो.

मग शाळेने निबंधस्पर्धा ठेवली : 'मी पाहिलेले सिंगापूर'. जाऊन आलेल्या मुलांनी 'स्वच्छता', 'शिस्त' आणि 'शिस्त व स्वच्छता' असे निबंध लिहिले. एकाने पनीरवर लिहिलं. न गेलेल्यांनीही लिहावं, असं बाईंनी परस्पर जाहीर करून टाकलं होतं, त्यामुळे गठ्ठा मोठा झाला. त्यात एक निबंध बाकीच्यांपेक्षा वेगळा होता. ज्या मुलीने 'माझं पुढच्या वर्षी' म्हटलं होतं, तिचा. तिने जुरोंगची दलदल लिहिली होती, कोळंबीची तळी, गोह यांना लोक हसायचे ते, सात बेटं, टेक्का मार्केटमधल्या आजीने दिलेला जवळा. तिचे वडील ज्या कंपनीत रात्रपाळी करतात त्या कंपनीला कुठलं बेट द्यायला हवं, यावर एक परिच्छेद होता. तिने घारापुरीचा विचार केला होता आणि लेणी आहेत म्हणून सोडून दिला होता. अर्ध्या निबंधात 'आमचे सर' होते. आमचे सर असं म्हणाले, आमच्या सरांनी अधिकाऱ्याला असं सुनावलं. वाचताना मला दोनदा चष्मा पुसावा लागला. मी दहापैकी दहा दिले आणि पहिल्या बक्षिसासाठी तो बाईंच्या पुढे सरकवला.

बाईंनी तो शेवटपर्यंत वाचला. मग एक पान मागे जाऊन एका ओळीवर पेन टेकवलं.

"सर, हा प्रश्न तुम्ही विचारलात? मी पुढच्याच सीटवर होते."

"बाई," मी म्हणालो, "तुम्ही शुद्धलेखनाचे गुण द्या."